सेंट जॉनला प्रायव्हेट बोटीने स्नॉर्कलिंग करायचंय? आधी वारा विचारा

कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या यूएस व्हर्जिन आयलंड्सच्या तीन मोठ्या बेटांमधलं सगळ्यात छोटं म्हणजे सेंट जॉन. इथे विमानतळच नाही, त्यामुळे सेंट थॉमसला उतरायचं आणि तिथल्या रेड हूक धक्क्यावरून फेरीने वीसेक मिनिटांत सेंट जॉनचं क्रूझ बे गाठायचं. बेटाचा जवळपास दोन तृतीयांश भाग १९५६ पासून नॅशनल पार्कमध्ये आहे, म्हणून किनारे अजून मोकळे राहिलेत.

आता मुद्दा. स्नॉर्कलिंग, म्हणजे डोळ्या-नाकावर काचेचा मास्क लावून, नळीने श्वास घेत, पाण्यावर तरंगत खालचं बघणं. त्यासाठी लोक बोट बुक करतात आणि कॅप्टनच्या हातात लिस्ट देतात, आम्हाला उत्तर किनाऱ्यावरचा ट्रंक बे दाखवा, माहो दाखवा, अमुक दाखवा. आम्हीपण पहिल्यांदा हेच केलं. जानेवारी होता, उत्तरेकडून लाटा येत होत्या, कॅप्टन बिचारा सांगत होता की दक्षिणेला जाऊया आणि आम्ही आपले लिस्टला चिकटून. पाणी गढूळ, हातभर पुढचं दिसेना, दोघांना उलट्या. प्रायव्हेट बोटीचे पैसे देतो ते खरं तर यासाठीच की त्या दिवशी जी बाजू शांत असेल तिकडे जाता यावं. हिवाळ्यात उत्तरेच्या लाटा आल्या तर दक्षिणेला सॉल्ट पॉंड बे किंवा ग्रेट लॅमेशर बे, वारा आग्नेयेचा असेल तर उत्तरेचे बे. लॅमेशरला १९६९ मध्ये टेकटाइट नावाच्या प्रयोगात चार शास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी जवळजवळ दोन महिने राहिले होते, तिथे पोहताना हे आठवलं की जरा वेगळंच वाटतं.

बुकिंग करताना तीन-चार गोष्टी विचारून घ्या. डिझेल-पेट्रोल धरून रेट आहे का वेगळं, मास्क आणि पायात घालायचे फिन मिळतात का आणि लहान मुलांच्या मापाचे आहेत का, आणि बोटीला चढायला नीट शिडी आहे का (आईबाबा सोबत असतील तर हे सगळ्यात महत्त्वाचं). छोट्या बोटींच्या बऱ्याच कॅप्टनकडे सहा पाहुण्यांपर्यंतचंच लायसन्स असतं, त्यामुळे सातवा माणूस 'ॲडजस्ट' होत नाही, घासाघीस करून उपयोग नाही. टिप १५ ते २० टक्के धरून चला, डॉलरमध्ये. आणि सकाळची वेळ घ्या, दुपारी वारा वाढतो, शिवाय पार्कमधले मुरिंग बॉय (बोट बांधायचे तरंगते गोळे) आधी येईल त्याला मिळतात.

सनस्क्रीन घरूनच बघून घ्या. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट किंवा ऑक्टोक्रिलिन असलेल्या सनस्क्रीनवर इथे २०२० पासून बंदी आहे, कोरलला (प्रवाळाला) त्रास होतो म्हणून. झिंक ऑक्साइडवालं चालतं. पण खरं सांगू, फुल बाह्यांचा स्विम टी-शर्ट घाला आणि मोकळे व्हा, कारण तासभर तोंड खाली आणि पाठ वर, पाठच भाजते. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही.

मास्क बोटीवरच तपासा. पट्टा न लावता तोंडावर ठेवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांचा मास्क गळतोच, आमच्या काकांनी शेवटी मिशीला व्हॅसलीन चोपडलं तेव्हा कुठे जमलं. केस आत अडकले तरी गळतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदा विसळायची, ई वाटलं तरी हाच उपाय बेस्ट. नळीत पाणी गेलं तर घाबरून मास्क काढू नका, जोरात फुंकर मारली की पाणी वर उडून जातं.

पोहता येत नसेल तर लाजू नका, तरंगायचं व्हेस्ट घाला, नूडल (फोमची लांब तरंगती कांडी) काखेत घ्या आणि क्रूला सांगा. पाय गुडघ्यातून सायकलसारखे मारायचे नाहीत, कमरेपासून हळूहळू. आणि दमलात म्हणून कोरलवर उभं राहायचं नाही म्हणजे नाहीच, ते जिवंत असतं, आणि त्यातलं फायर कोरल तुम्हालाच चटका देतं. अंगठ्या, चेन बोटीवर ठेवा. थंड पाण्यात हाताची बोटं आकसतात, अंगठी कधी गेली कळतही नाही, शिवाय चमकणाऱ्या वस्तूकडे बॅराकुडा हा तीक्ष्ण दातांचा मासा बघायला येतो.

कासवं बघायची असतील तर माहो किंवा फ्रान्सिस बेच्या समुद्री गवतावर, कोरलच्या रीफवर शोधत बसू नका. कासव दिसलं की त्याच्या मागे लागायचं नाही, हात लावणं तर बेकायदेशीरच आहे. तुम्ही लांब तरंगत राहा, ते चरत राहतं आणि मधेच श्वास घ्यायला वर येतं, कधी कधी अगदी तुमच्या बाजूला. 'वॉटरलेमन के' या छोट्या बेटाच्या पलीकडच्या बाजूला मात्र पाण्याला ओढ असते, नवखे असाल तर अलीकडच्या बाजूलाच फिरा.

एखादा कॅप्टन म्हणेल नॉर्मन आयलंडच्या गुहा दाखवतो. जागा भारी आहे पण ते ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, म्हणजे अमेरिकेबाहेर, पासपोर्ट लागतो, व्हिसाचं आधीच बघावं लागतं, कस्टम्समध्ये वेळ जातो. पूर्ण दिवसाची बोट असेल तरच हो म्हणा, अर्ध्या दिवसात निम्मा वेळ कागद दाखवण्यातच जाईल.