जुनी इलेक्ट्रिक कार घेण्याआधी बॅटरी तपासा

डॅशबोर्डवरच्या टक्क्यांवरून बॅटरी किती थकली आहे ते कळत नाही. त्यासाठी ब्लूटूथचा ओबीडी अ‍ॅडॅप्टर (गाडीच्या संगणकातली माहिती फोनवरच्या अ‍ॅपला पाठवणारं छोटं यंत्र) घ्या. आयफोन असेल तर ब्लूटूथ एलई किंवा वायफायवालाच, नाहीतर बहुतेकदा जोडणीच होणार नाही.

१. अ‍ॅडॅप्टर स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावून गाडी ‘ऑन’ करा.
२. अ‍ॅपमध्ये नेमकं मॉडेल निवडा. निसान लीफसाठी ‘लीफ स्पाय’, इतर बऱ्याच गाड्यांना ‘कार स्कॅनर’ चालतं.
३. एसओएच (नव्या बॅटरीच्या तुलनेत किती क्षमता उरली आहे ते) आणि बॅटरीतल्या सर्वांत कमी व सर्वांत जास्त व्होल्टेजच्या सेलमधला (बॅटरीच्या छोट्या घटकांमधला) फरक पाहा. हा फरक चार्ज २० टक्क्यांच्या आसपास असताना बघावा. कमकुवत सेल तेव्हाच उघडा पडतो. भरलेल्या बॅटरीत सगळेच सेल शहाणे दिसतात!

काम झालं की अ‍ॅडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकते.