सामायिक कार्यालयीन इमारत: नकाशाआधी वाटणी

एकाच सार्वजनिक इमारतीत तीन-चार कार्यालये आणायचे ठरले की पहिली बैठक बहुधा नकाशावरच भरते आणि कोणाला कोणता मजला मिळणार यावरून चर्चा रंगते. माझा आग्रह असा आहे की मजल्यांची ही बैठक सर्वांत शेवटी घ्यावी. आधी गरज मोजावी, मग खर्चाच्या वाटणीचा नियम लिहून काढावा, त्यानंतर पैशाचा मार्ग निश्चित करावा आणि मगच वास्तुविशारदाला कामाला लावावे. हा क्रम उलटला तर आपल्या वाट्याला आलेल्या जागेनुसार प्रत्येक कार्यालय वाटणीचा सोयीचा नियम मागू लागते, आणि तेव्हा तोडगा काढणे फार अवघड होते.

गरज मोजताना मंजूर पदांची यादी पुरेशी नसते. काही पदे रिक्त असतात, काही कर्मचारी दिवसाचा बराच वेळ क्षेत्रभेटींवर असतात. म्हणून किमान दोन ते चार आठवडे, दिवसातून ठरावीक वेळी, प्रत्यक्ष किती टेबलांवर माणसे बसलेली आहेत याची नोंद ठेवावी आणि त्यात गर्दीचा हंगाम आवर्जून धरावा. अभ्यागतांची मोजणी वेगळी करावी, कारण रांगेत उभ्या राहणाऱ्या नागरिकासाठी लागणारी जागा आस्थापनेच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. अभिलेख कक्षाची गरज माणसांवरून नव्हे, तर फळ्यांच्या एकूण लांबीवरून काढावी. कपाटांनी भरलेल्या अभिलेख कक्षाचा भार साध्या कार्यालयीन मजल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे त्याची जागा संरचना अभियंत्याला सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे.

त्यानंतर सामायिक काय आणि स्वतंत्र काय याची यादी करावी. सभागृह, प्रतीक्षालय, प्रशिक्षण कक्ष, स्वच्छतागृहे आणि सुरक्षा व्यवस्था सहज सामायिक होऊ शकतात. रोकड, गोपनीय कागदपत्रे आणि सुनावण्या यांच्या खोल्या मात्र स्वतंत्रच असाव्यात. या यादीतून निघणारी बेरीज ही वापरण्याजोगी जागा होय. बांधावी लागणारी जागा त्याहून बरीच मोठी असते, कारण भिंती, जिने, लिफ्ट आणि यंत्रांच्या खोल्या त्यात मिळवाव्या लागतात. वापरण्याजोगी जागा २,५०० चौरस मीटर असेल आणि ती एकूण बांधकामाच्या ७० टक्के धरली, तर सुमारे ३,५७० चौरस मीटर बांधावे लागेल. पहिला ढोबळ अंदाज याच मोठ्या आकड्यावर करावा.

आता वाटणी. समजा, तीन कार्यालयांची स्वतंत्र जागा अनुक्रमे १,२००, ६०० आणि २०० चौरस मीटर आहे आणि सामायिक जागा ५०० चौरस मीटर आहे. सामायिक भाग स्वतंत्र जागेच्या प्रमाणात वाटला, तर तिघांचे वाटे १,५००, ७५० आणि २५० होतात. हा हिशेब सोपा आहे, पण तो नेहमी न्याय्य असतोच असे नाही. सामायिक जागेपैकी १५० चौरस मीटर प्रतीक्षालय आहे आणि तिथे येणाऱ्यांपैकी ३० टक्के पहिल्या, २० टक्के दुसऱ्या आणि ५० टक्के तिसऱ्या, म्हणजे सर्वांत लहान कार्यालयाकडे येतात, असे मोजणीतून दिसले असे धरू. प्रतीक्षालय अभ्यागतांच्या प्रमाणात आणि उरलेले ३५० चौरस मीटर पूर्वीप्रमाणेच वाटले, तर वाटे १,४५५, ७३५ आणि ३१० होतात. मोठ्या कार्यालयांना पडलेला फरक किरकोळ आहे. लहान कार्यालयाचा वाटा मात्र जवळपास चौथ्या हिश्श्याने वाढतो. कोणता नियम योग्य, हे आकडेमोड सांगत नाही. माझ्या मते बांधकामाचा खर्च क्षेत्रफळावर वाटावा आणि स्वच्छता, सुरक्षा, पाणी यांसारखा चालू खर्च प्रत्यक्ष वापरावर, कारण अभ्यागतांची संख्या दरवर्षी बदलते आणि ती बदलली म्हणून भांडवलाचा वाटा पुन्हा उघडणे कोणालाच परवडत नाही. विजेसाठी प्रत्येक कार्यालयाला वेगळे उपमीटर बसवावेत. बांधकामाच्या वेळी त्यांचा खर्च नगण्य असतो.

भांडवल अनुदानातून, कर्जातून, कर्जरोख्यांतून किंवा खासगी विकासकाने बांधून दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिलेल्या इमारतीच्या रूपाने उभे राहू शकते. शेवटच्या मार्गात सुरुवातीचा बोजा हलका दिसतो, परंतु खासगी भांडवल सहसा सार्वजनिक कर्जापेक्षा महाग असते. म्हणून बांधकामाची आणि देखभालीची कोणती जोखीम विकासक खरोखर पत्करतो आहे, हे करारात स्पष्ट असल्याशिवाय तो निवडू नये. कर्ज घेताना मुदतीचा विचार नीट करावा. दरवर्षी समान हप्त्याने, ८ टक्के व्याजाने घेतलेल्या प्रत्येक १०० च्या कर्जाला २० वर्षांत वार्षिक हप्ता सुमारे १०.१९ पडतो आणि एकूण फेड सुमारे २०४ होते. मुदत ३० वर्षे केली तर हप्ता ८.८८ पर्यंतच उतरतो, पण एकूण फेड सुमारे २६६ वर जाते. बांधकामाच्या काळात चढणारे व्याज प्रकल्पखर्चात धरावे. वाचणाऱ्या भाड्याची रक्कम मात्र जुन्या जागेचा करार ज्या दिवशी खरोखर संपतो त्या दिवसापासूनच मोजावी, कारण स्थलांतराच्या काही महिन्यांत भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागतात. जुनी मालमत्ता विकून पैसा येणार असेल तर तो इमारत रिकामी झाल्यानंतरच येतो, त्यामुळे मधल्या काळाची तरतूद वेगळी लागते.

वातानुकूलन यंत्रणा साधारण १५ ते २० वर्षांत बदलावी लागते आणि छताचे जलरोधन त्याहूनही लवकर. या खर्चासाठी पहिल्या वर्षापासून राखीव निधी असावा आणि तो दुसऱ्या कामाला वळवता येणार नाही असे बंधन घालावे. सार्वजनिक इमारती देखभालीअभावी अकाली जीर्ण होतात, याचे दुःख ज्याला वाटते त्याने ही अट सोडू नये.

करार एकाच मालक-संस्थेच्या नावे असावा आणि इतरांचे हक्क त्यात लिहावेत: एखादे कार्यालय बाहेर पडले तर हप्ता कोण भरणार, रिकाम्या जागेवर पहिला हक्क कोणाचा, सभागृहाचे आरक्षण कोण करणार, मतभेद झाला तर निर्णय कोणाचा. नकाशातील क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष बांधलेले क्षेत्रफळ यांत थोडा फरक पडतोच. म्हणून ताबा देण्यापूर्वी संयुक्त मोजणी करून वाटे त्यानुसार दुरुस्त करावेत आणि सर्वांच्या सह्यांचा तो तक्ता कराराला जोडावा.