कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात उद्यानविद्या: व्यवसायाच्या दृष्टीने अभ्यासाची आखणी

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांना बागकामाची आवड व्यवसायापर्यंत न्यायची आहे, त्यांच्यासाठी तेथील कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांचे सरकारी महाविद्यालय, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी अटींचा मार्ग आहे. राज्यात अशी ११६ महाविद्यालये आहेत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही त्यांत प्रवेश मिळू शकतो आणि राज्याच्या रहिवाशांना सत्र (सेमिस्टर) पद्धतीच्या महाविद्यालयांत प्रत्येक युनिटला, म्हणजे अभ्यासाच्या श्रेयांकाला, ४६ डॉलर शुल्क पडते. बे एरियापुरते, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या भागापुरते, बोलायचे तर लॉस आल्टोस हिल्सचे फुटहिल, ओकलंडचे मेरिट आणि सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को येथे हा विषय शिकवला जातो. उत्तरेला सांता रोझा ज्युनिअर कॉलेजही आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी कोणते काम करायचे आहे ते ठरवावे, कारण रोपवाटिका, उद्यानांची आखणी व बांधणी, वृक्षनिगा, बागांची नियमित देखभाल आणि नगरपालिकेच्या उद्यान खात्यातील नोकरी या प्रत्येकासाठी लागणारे विषय आणि परवाने वेगळे आहेत. असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीसाठी सत्र पद्धतीत ६० युनिट लागतात आणि त्यांत इंग्रजी, गणित, सामाजिक शास्त्रे असे सामान्य विषयही मोडतात. प्रमाणपत्रासाठी केवळ उद्यानविद्येचे विषय पुरे होतात. ज्यांच्याकडे भारतातील पदवी आधीच आहे, त्यांनी दुसऱ्या पदवीच्या मागे न लागता प्रमाणपत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खासगी ग्राहक पदवीपेक्षा परवाना आणि पूर्वी केलेले काम पाहतो. पुढे डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात किंवा सॅन लुईस ओबिस्पोच्या कॅल पॉली या राज्य विद्यापीठात जाऊन चार वर्षांची पदवी पूर्ण करायची असेल, तर मात्र पहिल्या सत्रापूर्वीच ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर कोणता विषय तिकडे ग्राह्य धरला जातो हे पाहून घ्यावे.

शुल्काचा रहिवासी दर मिळण्यासाठी सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्षाहून अधिक काळ राज्यात वास्तव्य आणि तेथेच राहण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. एच-४ (एच-१बी धारकाच्या जोडीदाराचा किंवा मुलांचा) व्हिसावर असलेल्यांना ही अट पूर्ण करता येते, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना येत नाही. एच-४ वर शिक्षण घेण्यास आडकाठी नाही. काम करण्यासाठी मात्र स्वतंत्र परवानगी लागते. म्हणून कामाच्या मोबदल्यात काहीही स्वीकारण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे वनस्पती ओळख, आणि बहुतेक विद्यार्थी त्यालाच कमी लेखतात. हा विषय ऋतूंनुसार विभागून शिकवला जातो, कारण पानगळीनंतर केवळ साल, कळ्या आणि फांद्यांची ठेवण यांवरून झाड ओळखता येणे हे वसंतात फुलांवरून ओळखण्यापेक्षा वेगळे कौशल्य आहे. दर आठवड्याला नव्या वनस्पतींची यादी हाती येते आणि लॅटिन नाव, कुळ, पाण्याची गरज व वाढीचा आकार अशा सर्व बाजूंनी ती तयार करावी लागते. घोकंपट्टीने हे साधत नाही. आपल्या वस्तीतील रस्त्यांवरून रोज ठरावीक फेरी मारून तीच झाडे पुन्हा पुन्हा पाहावीत. कुळ लक्षात ठेवण्याचा उपयोग किती, हे मराठी घरांतील कुंडीतल्या कढीपत्त्यावरूनच समजते. तो लिंबूवर्गीयांच्या रुटेसी कुळातला असल्यामुळे विदर्भातील संत्रा बागायतदारांना चांगलाच परिचित असलेला सायला हा कीटक त्याच्यावरही पोसला जातो. हा कीटक कॅलिफोर्नियात २००८ मध्ये प्रथम आढळला आणि तो पसरवतो त्या ग्रीनिंग या लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाचे पहिले झाड २०१२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत सापडले. त्यामुळे क्वारंटाइन क्षेत्रातून कढीपत्त्याचे रोप किंवा फांदी बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, आणि मैत्रिणीच्या घरून रोप आणून विकण्याचा बेत तेथेच संपतो.

महाराष्ट्रात बाग केलेल्यांनी एका गोष्टीसाठी मनाची तयारी ठेवावी. तिकडे पाऊस जून ते सप्टेंबर पडतो आणि वाढीचा काळही तोच असतो. कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांत पडतो आणि उन्हाळा पूर्ण कोरडा जातो. परिणामी लागवड शरद ऋतूत करावी लागते, आणि सिअनोथस किंवा मँझनिटा यांसारख्या स्थानिक झुडपांना मुळे धरल्यानंतर भर उन्हाळ्यात दयेपोटी घातलेले पाणी बऱ्याचदा त्यांच्या जिवावर बेतते. कोस्ट लाइव्ह ओक या स्थानिक वृक्षाच्या बुंध्याशी उन्हाळ्यात हिरवळ ठेवून पाणी दिल्यास बुंध्याचे आणि मुळांचे बुरशीजन्य रोग बळावतात. म्हणून सिंचनाचा विषय ऐच्छिक असला तरी तो घ्यावाच. त्यात बाष्पोत्सर्जनावरून पाण्याची गरज काढणे, पाण्याच्या गरजेनुसार बागेचे झोन पाडणे आणि ठिबकची जोडणी शिकवली जाते. जैन ठिबकचे माहेर असलेल्या जळगावकडच्या मंडळींना यातले बरेच ओळखीचे वाटेल. या कौशल्याला मागणीही आहे, कारण २०२३ मध्ये संमत झालेल्या राज्याच्या कायद्यानुसार केवळ शोभेच्या हिरवळीला पिण्याचे पाणी देण्यावर सरकारी आवारांत २०२७ पासून आणि पुढे टप्प्याटप्प्याने व्यापारी आवारांत बंदी येत आहे, आणि ती हिरवळ काढून तेथे दुसरे काही लावणारी माणसे लागणार आहेत.

अभिवृद्धी (रोपे तयार करणे), माती, छाटणी आणि एकात्मिक कीडनियंत्रण हे उरलेले मुख्य विषय आहेत. अभिवृद्धीच्या वर्गात छाटकलम आणि डोळा भरणे यांच्याइतकेच लक्ष स्वच्छतेकडे द्यावे: फायटोफ्थोरा वंशातील रोगकारक रोपवाटिकांच्या कुंड्या, माती आणि पाण्यातून बाहेर जंगलांपर्यंत पोचतात, त्यामुळे कुंड्या जमिनीपासून उंच ठेवणे व हत्यारे निर्जंतुक करणे हा तेथे रोजच्या कामाचा भाग असतो. कीडनियंत्रणाच्या अभ्यासाचा थेट लाभ परवान्याला होतो. दुसऱ्याच्या बागेत पैसे घेऊन बाजारात सहज मिळणारे तणनाशक फवारायचे असले, तरी राज्याच्या कीटकनाशक नियंत्रण विभागाची परीक्षा देऊन देखभाल माळ्यासाठीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

कामाचा अनुभव पहिल्या वर्षापासूनच मिळवावा. महाविद्यालयांच्या रोपविक्रीत हात लावावा, वसंतात रोपवाटिकांना हंगामी माणसे लागतात तेथे अर्ज करावा, आणि पाठ-गुडघ्यांना हे काम झेपते की नाही हे तेव्हाच पाहून घ्यावे. आयएसए या आंतरराष्ट्रीय वृक्षनिगा संस्थेच्या सर्टिफाइड आर्बरिस्ट (प्रमाणित वृक्षतज्ज्ञ) परीक्षेसाठी सामान्यतः तीन वर्षांचा अनुभव लागतो. संबंधित विषयांसह दोन वर्षांची पदवी असेल तर दोन वर्षे पुरतात. बागबांधणीच्या सी-२७ कंत्राटदार परवान्यासाठी मागील दहा वर्षांतील चार वर्षांचा कुशल कामाचा अनुभव मागितला जातो. त्यातील काही भाग शिक्षणातून भरून काढता येतो, पण किमान एक वर्ष प्रत्यक्ष कामाचेच असावे लागते. हा अनुभव प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीनेच सही करून प्रमाणित करायचा असतो. त्यामुळे प्रत्येक नोकरी सोडताना तारखा आणि कामाचे स्वरूप नोंदवलेले पत्र मालकाकडून किंवा मुकादमाकडून तेव्हाच लिहून घ्यावे.

शेवटची व्यवहाराची बाब वेळापत्रकाची आहे. लहान विभागांत अनेक विषय वर्षातून एकदाच, काही तर दोन वर्षांतून एकदाच शिकवले जातात आणि त्यांतले बरेच वर्ग संध्याकाळी किंवा शनिवारी भरतात. नोंदणी करण्यापूर्वी विभागाच्या समन्वयकाकडून पुढील दोन वर्षांचे नियोजन मागून घ्यावे आणि ज्या विषयांना पूर्वअट आहे ते त्यात आधी बसवावेत.