अ‍ॅम्प आणि स्पीकर जुळवताना या चुका टाळा
महागडा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घेतला, स्पीकरही नावाजलेले, दोन्हीचे रिव्ह्यू एकदम मस्त, आणि घरी आणून जोडल्यावर आवाज कोरडा येतोय नाहीतर बेस नुसता घुमतोय. हे फार जणांचं होतं आणि मग लोक अ‍ॅम्प विकून दुसरा आणतात, नंतर केबल बदलतात, पैसे जातच राहतात. बहुतेक वेळा दोष दोघांपैकी एकाचाही नसतो, जोडीच जमलेली नसते.

पहिली चूक वॉट बघण्याची. ५० च्या ऐवजी १०० वॉटचा घ्या, डबल आवाज येईल, असं सर्रास सांगतात. पण ५० चे १०० केले की वाढतात फक्त ३ डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं माप), म्हणजे थोडंसं वाढलंय एवढंच कळतं. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डीबी लागतात आणि त्याला पॉवर दहापट हवी. त्यामुळे आधी स्पीकरच्या स्पेक शीटवर सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती डीबी आवाज देतो ते, तो आकडा वॉटपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो. बीबीसीने १९७० च्या दशकात बनवलेला एलएस ३/५ए हा छोटा मॉनिटर (रेकॉर्डिंग तपासायचा स्पीकर) उदाहरण म्हणून घ्या, त्याची सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डीबीच्या आसपास, आणि दुसरीकडे १९४६ पासूनचा क्लिप्शहॉर्न हा स्पीकर, तो शंभरच्याही वर जातो. हा फरक २० डीबीच्या आसपास आहे, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला जवळपास शंभरपट पॉवर लागणार. ३००बी व्हॉल्व्हचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या ट्यूबचा) ८ वॉटचा अ‍ॅम्प क्लिप्शहॉर्नवर खोली भरून टाकतो, एलएस ३/५ए वर तोच अ‍ॅम्प जरा मोठी तान किंवा तबल्याची जोरदार थाप आली की दम सोडतो. दोन्ही वस्तू उत्तम, पण एकमेकांसाठी नाहीत. आणि एक गोम लक्षात ठेवा, सेन्सिटिव्हिटी बऱ्याचदा २.८३ व्होल्टला मोजतात, हा व्होल्टेज ८ ओहमला (ओहम हे स्पीकर करंटला किती विरोध करतो त्याचं माप) १ वॉट होतो पण ४ ओहमला २ वॉट, म्हणून ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा ३ डीबीने फुगलेला असतो.

आता ओहम, आणि इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. स्पीकरवर ८ ओहम लिहिलंय म्हणजे तो कायम ८ ओहम असतो असं अजिबात नाही, तो नुसता नाममात्र आकडा. फ्रीक्वेन्सी बदलली की इम्पिडन्स (हाच विरोध) वरखाली होतो, एकाच स्पीकरचा एका ठिकाणी २०-३० ओहम आणि १००-२०० हर्ट्झच्या पट्ट्यात ३ ओहमपर्यंत खाली आलेला असू शकतो, आणि नेमका तिथेच डग्गा, सेलो, पुरुष गायकाचा खर्जातला आवाज हे सगळं असतं, त्यामुळे अ‍ॅम्पला करंट पुरवता आला नाही की गाण्याचं अंगच हरवतं आणि आपण म्हणतो स्पीकर पातळ वाजतोय. १९८० च्या दशकातला अपोजी कंपनीचा सिंटिला हा रिबन स्पीकर तर १ ओहमच्या आसपास खेळायचा, भलेभले अ‍ॅम्प त्याच्यापुढे बंद पडत. म्हणून खरेदीआधी मिनिमम इम्पिडन्स विचारा आणि ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचे ८ आणि ४ ओहमचे दोन्ही आकडे बघा. ८ ला १०० वॉट आणि ४ ला १८०-२०० देत असेल तर पॉवर सप्लाय दणकट आहे. ४ ला जेमतेम १२० असेल किंवा तो आकडा दिलाच नसेल, तर अवघड स्पीकर त्याला लावू नका. ए आणि बी अशा स्पीकरच्या दोन जोड्या एकत्र चालवल्या तर ८ चे ४ ओहम होतात हेही विसरतात लोक. ब्रिज मोडमध्ये (दोन चॅनल मिळून एकच स्पीकर चालवताना) तर अ‍ॅम्पच्या प्रत्येक चॅनलला अर्धाच ओहम दिसतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवाल्यांनी ४ आणि ८ ओहमचे दोन्ही टॅप (स्पीकर जोडायच्या जागा) ऐकून बघावेत. या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (त्यांचा स्वतःचा आतला विरोध) जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या इम्पिडन्सच्या चढउताराप्रमाणे टोनही बदलतो, कागदावर ८ लिहिलं असलं तरी ४ चा टॅप गोड वाजू शकतो. टॅप बदलताना अ‍ॅम्प बंद करा, आणि स्पीकर न जोडता तो कधीच चालवू नका, ट्रान्सफॉर्मर जाईल.

कमी वॉटचा अ‍ॅम्प सेफ, हा समज खरंच काढून टाका. छोटा अ‍ॅम्प फुल करून वाजवला की तो क्लिप होतो, म्हणजे आवाजाच्या लहरींची टोकं कापतो, आणि पहिला बळी ट्वीटरचा (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरचा) जातो. आवाज खरखरीत, बोचरा वाटायला लागला की लगेच कमी करा.

जोडी बरोबर असूनही आवाज बिघडलेला वाटला तर अ‍ॅम्प विकायला काढण्याआधी हे बघा. बेस गायब आणि गायकाचा आवाज मधोमध न येता पसरल्यासारखा वाटत असेल तर एका बाजूची प्लस-मायनस उलटी लागलीय. खात्री करायची तर केबल अ‍ॅम्पपासून सोडवा आणि तिच्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, बहुतेक स्पीकरमध्ये सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) बाहेर येतो. बेस घुमत असेल तर ते बऱ्याचदा खोलीचं काम असतं, १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतोच, स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणा आणि बसायची जागाही थोडी सरकवा. आपल्या फ्लॅटमध्ये विट्रिफाइड टाइल्स, उघड्या भिंती आणि काचेच्या स्लायडिंग खिडक्या असतात, तिथे कुठलाही अ‍ॅम्प कर्कश वाटेल, आधी जाड पडदे आणि खाली गालिचा टाका. केबलवर मात्र जास्त वेळ घालवू नका, ३-४ मीटरला २.५ चौरस मिमीची साधी तांब्याची पुरते.

आणि शक्य असेल तर डीलरकडून दोन दिवस अ‍ॅम्प घरी मागून आणा, काही जण डिपॉझिट घेऊन देतात. आपल्या ओळखीची रेकॉर्डिंग लावा, तानपुरा आणि डग्गा दोन्ही असलेलं एक तरी हवंच, आधी रोजच्या आवाजात ऐका आणि मग जरा वाढवून.