नागपुरात शिकायला आल्यावर मैत्री कशी जुळवावी

गडचिरोली किंवा गोंदियाहून पदवीसाठी नागपुरात आलेल्या विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवावे, असे मी आग्रहाने सांगेन. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. खेड्यात बरोबरीने घमेली उचलताना, रात्री पंगतीत एकमेकांना वरण-भात वाढताना जी ओळख होते, ती वर्गात शेजारी बसून होत नाही. ओळख टिकवण्यासाठी मात्र पुढाकार घ्यावा लागतो. तास संपल्यावर लगेच खोलीवर न परतता, “चल, तर्री पोहे खाऊ,” असे आपणच म्हणावे आणि समोरच्याने एकदा नकार दिला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे, कारण बहुतेक वेळा तोही संकोचलेलाच असतो.