दहाच्या आत वग: गावच्या जत्रेत गाण्याची रात्र कशी उभी करावी

जत्रेचा कार्यक्रम ठरवताना बहुतेक कमिट्या तमाशाचा फड (कलाकारांचा संच) कोणता आणायचा इथून सुरुवात करतात. सुरुवात करायची ती रात्री १० वाजल्यापासून. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, आणि नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. आपली जत्रा त्यात धरली असेलच असं मानून चालू नका, यादी बघून घ्या. यादीत नसाल तर दहाचा काटा पक्का धरा आणि तिथून मागे मोजत या.

असं मोजा. ९.५५ ला स्पीकर बंद. वगाला, म्हणजे तमाशाच्या शेवटच्या नाट्याला, किमान ८० मिनिटं हवीत, म्हणजे वग ८.३५ ला उभा राहायला हवा. त्याआधी लावण्या आणि रंगबाजीला (नाच-गाण्याच्या भागाला) ५० मिनिटं. गण (गणपतीचं स्तवन), गौळण (कृष्ण-गवळणींचा भाग), बतावणी (विनोदी संवाद) मिळून पाऊण तास. म्हणजे ढोलकीवर पहिली थाप ७ वाजता पडली पाहिजे. एप्रिलमध्ये पुण्याकडे सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा गण संधिप्रकाशात होईल. होऊ द्या. गर्दी तशीही गौळणीपर्यंतच भरते.

हे वेळापत्रक कोण मोडतं? कलाकार क्वचितच. मोडतात ते सत्कार. शाल, श्रीफळ, मनोगत, मग ‘दोन शब्द’ बोलायला उठलेला तिसरा माणूस, आणि बघता बघता ४० मिनिटं जातात. ती कापली जातात वगातून. मग जो वग बघायला वाड्या-वस्त्यांवरून माणसं आली, त्याचा शेवटच राहून जातो. सत्कार ६.४५ ते ७ या पंधरा मिनिटांत उरका, नावं आधीच छापून लावा आणि माइक निवेदकाशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. वर्गणीदारांची नावं मध्येमध्ये वाचायची पद्धत असेल तर ती बतावणीनंतर एकदाच.

पालखीचा छबिनाही (मिरवणूकही) याच हिशोबात बसवावा लागतो. मांडव डहाळे आणि शेरणीवाटप (गोड प्रसाद) हे विधी सकाळी-दुपारी आटोपतात, अडचण होते ती छबिन्याची. तो रात्री काढायची परंपरा असेल तर भजनी मंडळ आणि पुजारी यांच्याशी महिनाभर आधी बसून बोला. ५ ला निघून ६.३० ला देवळात परत, हे जमू शकतं. ऐनवेळी सांगितलं तर भांडण ठरलेलं.

सुपारी

पुणे जिल्ह्यात तमाशाची सुपारी द्यायची म्हणजे वाट नारायणगावची. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात गुढीपाडव्याच्या आधीपासून फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन तारखा ठरवतात. चैत्र पौर्णिमेला एकाच दिवशी अनेक गावांच्या जत्रा असतात. त्या तारखेला फड कमी आणि गावं जास्त, म्हणून भाव चढतो. तुमची जत्रा त्या दिवशी असेल तर पहिल्या आठवड्यातच जा. जाताना तिघंच जा: एक व्यवहार बोलणारा, एक लिहून घेणारा आणि एक तमाशा कळणारा. दहा जण गेले की दहा मतं होतात आणि फडमालक सगळ्यात उतावळ्या माणसाशी बोलतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. ढोलकी फडाचा तमाशा म्हणजे गण-गौळणीपासून वगापर्यंत सगळा खेळ. संगीत बारीत गाणं आणि नाच असतो, वग नसतो. चौफुल्याच्या कला केंद्रांत दिसते ती बारी. जत्रेच्या मैदानाला ढोलकी फड लागतो. आणि गाव तीनशे उंबऱ्यांचं, वर्गणी बेताची असेल तर मोठ्या फडाच्या मागे धावू नका. चांगलं सोंगी भारूड किंवा शाहिरी पार्टी निम्म्याहून कमी सरंजामात उभी राहते, आणि आज्यांपासून नातवंडांपर्यंत सगळे शेवटपर्यंत बसतात. ऑर्केस्ट्रा मात्र छोट्या गावाने टाळावा. त्याला साउंड सगळ्यात जास्त लागतो आणि दहाच्या नियमात तो सगळ्यात आधी अडकतो.

विसार (आगाऊ रक्कम) देताना दोन ओळींची पावती घेऊन परतू नका. कागदावर एवढं यायलाच हवं: कलाकार किती, गाडी गावात किती वाजता पोचणार (दुपारी ३ लिहा, म्हणजे ४ ला येते), स्टेज, लाइट, साउंड, जनरेटर यातलं काय फडाचं आणि काय गावाचं, दुसऱ्या दिवशीची हजेरी (सकाळचा गाण्याचा कार्यक्रम) धरून की सोडून, पावसाने खेळ अर्धा राहिला तर पैशाचं काय, जेवण-मुक्काम कुणाकडे. पावसाचं कलम बहुतेक जण विसरतात. गणापर्यंत झालं तर किती, वग सुरू झाला असेल तर किती, हे आकड्यात लिहा. वगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याची प्रत तिथेच मागून घ्या. पोलीस ठाण्यात अर्जासोबत ती लागली तर परत नारायणगावला चक्कर नको.

परवानगीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीस ठाण्यात कार्यक्रमाचा आणि ध्वनिक्षेपकाचा अर्ज, आणि महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज. तिन्ही किमान १५ दिवस आधी द्या. मैदानाच्या १०० मीटरच्या आत दवाखाना किंवा शाळा असेल तर तो शांतता क्षेत्राचा भाग आहे का, हे अर्ज देतानाच विचारा.

मैदान आणि स्टेज

गहू-हरभरा निघालेलं रान एप्रिलमध्ये मोकळं असतं, पण धसकटं आणि काड तसंच असेल तर तिथे गाड्या लावू नका. मोटारसायकलचा तापलेला सायलेन्सर वाळल्या काडाला टेकला की आग लागते, आणि उन्हाळी वाऱ्यात ती आवरत नाही. आधी रोटाव्हेटर फिरवा, मग पाणी शिंपडा. जागेचा अंदाज असा: एका गुंठ्यात, येण्याजाण्याची वाट सोडून, ४ चारचाकी किंवा साधारण ३५ दुचाकी. दुचाकी आणि चारचाकी वेगळ्या ठेवा, आणि बाहेर पडायचं तोंड आत येण्याच्या तोंडापेक्षा वेगळं.

फडाचा ट्रक गावात शिरतो तेव्हा पहिली अडचण रस्त्यावरून गेलेल्या लोंबत्या तारांची. ट्रकवर सामान लादलं की उंची १३ फुटांवर जाते. आठवडाभर आधी वायरमनला घेऊन वेशीपासून मैदानापर्यंत चालत जा आणि तारा ताणून घ्या.

स्टेज पश्चिमेकडे तोंड करून बांधलं तर मावळतं ऊन कलाकारांच्या डोळ्यांत. पूर्वेकडे केलं तर प्रेक्षकांच्या. दक्षिण किंवा उत्तर धरा. माप ३० बाय २४ फूट, उंची ४ फूट. लोक जमिनीवर बसणार असल्याने एवढी उंची पुरते. जास्त केली तर पुढच्या रांगांना नाचणारीचे पायच दिसत नाहीत, आणि अर्धी कला तर पायांत असते.

फळ्यांकडे नीट बघा. नाचणारी अनवाणी असते आणि पायांत किलोकिलोचे चाळ (घुंगरांच्या माळा). वर आलेला एक खिळा किंवा दोन फळ्यांतली बोटभर फट म्हणजे त्या रात्री जखम. स्टेज बांधून झालं की एका माणसाने अनवाणी पायाने, तळवा घासत, अख्खं स्टेज चालून बघायचं. जिथे टोचेल तिथे खडूची फुली, मागून सुताराची हातोडी. वर प्लॅस्टिकची चटई नको. उन्हाने ती तापते, घामाने घसरते आणि घुंगरांचा आवाज खाते. जाड सुती जाजम घट्ट ताणून कडांना ठोकलेलं बरं.

स्टेजपुढे १० फूट मोकळं सोडून वासे-बांबूंचं कुंपण. स्टेजवर चढणारी पोरं आणि नोटा उडवणारे हौशी इथेच थांबतात. स्टेजमागे कलाकारांसाठी दोन बंद खोल्या, बायकांची आणि पुरुषांची, पत्र्याच्या किंवा जाड कापडाच्या, आतून कडी असलेल्या. जवळच संडास, आणि तिथपर्यंत उजेडाची वाट. फड पुन्हा तुमच्या गावाला यायला राजी होईल की नाही, हे सुपारीच्या रकमेइतकंच या खोल्यांवर ठरतं. जेवण ४.३० ला: भाकरी, पिठलं, भात, ताक. भरल्या पोटी गळा लागत नाही, म्हणून उशीर नको.

आवाज

नियमाने सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज ७५ डेसिबल, किंवा भोवतालच्या आवाजापेक्षा १० डेसिबल जास्त, यातलं जे कमी ते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १० मीटरवर ९५ डेसिबल असेल तर १०० मीटरवर ७५ च्या आसपास राहील. शांत गावात दुसरी अट जास्त कडक पडते, म्हणून स्पीकरची तोंडं वस्तीकडे न करता शेताकडे करा. मोबाइलवरचा मीटर ढोबळ असतो, पण नसण्यापेक्षा बरा.

हजार लोकांसाठी स्पीकरची भिंत लागत नाही. स्टेजच्या दोन्ही कडांना एकेक बेस (जाड आवाजाचा स्पीकर) आणि स्टँडवर एकेक टॉप (बारीक आवाजाचा), डोक्यांच्या वर, ७-८ फुटांवर. स्पीकर माइकच्या रेषेच्या पुढे हवेत. मागे गेले की शिट्टी वाजणार. मैदान १०० फुटांहून खोल असेल तर मागे आणखी दोन छोटे टॉप लावा, आणि इथे बहुतेक साउंडवाले चुकतात. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे ३० मीटर जायला त्याला ८६ मिलिसेकंद लागतात. मागच्या टॉपना प्रोसेसरवरून ९० मिलिसेकंदांचा डिले (उशीर) दिला नाही तर मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. लावणी तरी निभावते, वगातला विनोद मात्र साफ मरतो.

ढोलकीला दोन माइक. शाईच्या (बारीक आवाजाच्या) बाजूला चार बोटांवर, धुमाच्या (घुमणाऱ्या) बाजूला वीतभर लांब. धुमाला जवळ आणला तर घुमारा सगळं गिळतो. तुणतुण्याचा आवाज बारीक, त्याला स्वतंत्र माइक द्या, नाहीतर ते नुसतं हलताना दिसतं. घुंगरांसाठी एक माइक स्टेजच्या पुढच्या कडेला, खाली स्पंजावर. दुपारच्या उन्हात ढोलकीचं कातडं ताणून सूर चढतो आणि संध्याकाळी गारव्याने उतरतो. ४ वाजता मिळवलेली ढोलकी ७ ला पेटीशी जुळत नाही. साउंड टेस्ट ५ ला करा, पण वादकाला ६.४५ ला पुन्हा पाच मिनिटं द्या. हलगी-दिमडी असेल तर शेकायला शेगडी लागते. ती मांडवापासून लांब, बाजूला पाण्याची बादली ठेवून.

वीज

साउंड ६ किलोवॅट, स्टेजचे लाइट दीड, मैदानाचे आणि रस्त्याचे दीड. एकूण ९. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर सव्वाअकरा केव्हीए, वर थोडी ढील ठेवून १५ केव्हीएचा जनरेटर. पाच तासांना २० लिटर डिझेल जवळ असू द्या. सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे न्यूट्रल सुटणं: थ्री फेजचा न्यूट्रल ढिला झाला की एखाद्या फेजवर दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो आणि मिक्सरसकट सगळं जळतं. म्हणून न्यूट्रलचा जोड पिळून टेप मारलेला नको, लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) लावून आवळलेला हवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग, त्या खड्ड्यात पाणी ओतलेलं. आकडा टाकून जत्रा करू नका.

पाणी माणशी दीड लिटर धरा. हजार लोकांना २० लिटरचे ७५ जार. भोवळ आलेल्यासाठी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ते पाणी मिक्सरच्या टेबलाजवळ तयार ठेवा. १०८ ची गाडी आत येईल एवढी वाट रिकामी.

वळीव आला तर

एप्रिल-मे मध्ये दुपार कोंदट गेली की संध्याकाळी वळीव येऊ शकतो. ‘दामिनी’ हे वीज पडण्याचा इशारा देणारं ॲप पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचंच आहे. ते दोघांच्या मोबाइलवर हवं, आणि त्यातल्या एकाने ३ वाजल्यापासून दुसरं काही करायचं नाही. आधी गार झोत येतो, मग धूळ उठते. तेव्हाच थांबवा, पहिल्या थेंबाची वाट बघू नका. क्रम असा: आधी मेन बंद, मग मिक्सर आणि ॲम्प्लिफायरवर ताडपत्री (१८ बाय २४ फुटांची, घडी करून तिथेच ठेवलेली), मग मांडवाच्या बाजूच्या कनाती खाली. उभ्या कनाती शिडासारखा वारा धरतात आणि खांब उपटतात. लोकांना झाडाखाली किंवा लोखंडी मांडवाखाली जाऊ देऊ नका. शाळेच्या पक्क्या खोल्यांची किल्ली आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत मैदान रिकामं. काळ्या रानात पार्किंग असेल तर एक ट्रॅक्टर आणि दोरखंड बांधावर उभा ठेवा, पाचच मिनिटांच्या पावसात गाड्या रुततात.

हजेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला हजेरी, दुपारी कुस्त्या. हजेरीला गर्दी कमी पण जाणकार असते, म्हणून रात्रीच्या निम्म्या आवाजावर ठेवा. स्टेजवर सावली हवी, सकाळी १० लाही फळ्या पाय भाजतात. कनात स्टेजच्या पूर्वेला बांधा. उरलेली सुपारी फडमालकाला हजेरी सुरू होण्याआधी, पावती घेऊन द्या. कुस्त्यांच्या गोंधळात खजिनदार सापडत नाही, आणि फडाला संध्याकाळपर्यंत पुढच्या गावी पोचायचं असतं.