औषधांसाठी विमान निवडताना आधी काय बघायचं

फार्मा कार्गोच्या बुकिंगला नव्याने बसलेली मुलं आधी दर आणि पोहोचायची वेळ बघतात. मी त्यांना विमानाचा प्रकार बघायला लावतो. मुंबईहून आखातमार्गे युरोपचं बुकिंग कागदावर झकास दिसतं, पण त्यातल्या एखाद्या टप्प्यावर ए३२० किंवा ७३७सारखं लहान विमान असेल तर निम्मे पर्याय तिथेच बाद होतात.

बॅटरीवर चालणारा, स्वतःचं तापमान स्वतः राखणारा एलडी-३ (मोठ्या विमानांच्या पोटात बसणाऱ्या कंटेनरचं एक ठरलेलं माप) मापाचा कंटेनर साधारण १६३ सेंटिमीटर उंच असतो. ए३२०च्या पोटात जाणारे कंटेनर ११४ सेंटिमीटरचे. ७३७च्या पोटात तर कंटेनर जातच नाही, खोकी सुटी रचावी लागतात. त्यामुळे असा कंटेनर लागणार असेल तर ७७७, ७८७, ए३३० नाहीतर ए३५० असं मोठं विमान शोधा. पॅलेट, म्हणजे फळीवर रचून बांधलेला माल, त्याहूनही उंच असेल तर मालवाहू विमानच.

पण म्हणून लहान विमानाला नाक मुरडू नका. १२ जानेवारी २०२१ला पुण्याहून कोविशील्डचे पहिले डोस देशभर गेले ते नेहमीच्या प्रवासी कंपन्यांच्या विमानांतूनच. माल २ ते ८ अंशांचा, खोकं चांगलं इन्सुलेटेड आणि उड्डाण दोन-तीन तासांचं असेल तर तेवढं पुरतं.

होल्ड, म्हणजे विमानाच्या पोटातला माल ठेवायचा कप्पा, कुठला मिळणार, हेही एअरलाइनला विचारा. काही होल्डमध्ये गरम करायची सोय असते, थंड करायची नसते. एकाच विमानात पुढच्या आणि मागच्या होल्डची सोय वेगळी असू शकते. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) असेल तर किलो आधी कळवा. त्यातून तो वायू सुटतो, म्हणून प्रत्येक विमानाला मर्यादा असते, आणि त्याच होल्डमध्ये कुणाचं कुत्रं-मांजर असेल तर तुमचा माल मागे राहू शकतो.

थंडीही तितकीच घातक. हिपॅटायटिस बी किंवा डीपीटीची लस एकदा गोठली की संपली, नंतर वितळवून उपयोग नाही.

आणि उड्डाणापेक्षा मला जास्त धास्ती जमिनीची वाटते. मे महिन्यात दुपारी एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या उघड्या जागेवर, मालाची ट्रॉली उभी राहिली की तापमान नोंदवणाऱ्या लॉगरचा आलेख सरळ वर चढतो. ट्रान्झिटला, म्हणजे मधल्या विमानतळावर, माल किती वेळ उघड्यावर राहणार, थर्मल कव्हर कोण घालणार, हे नाव-नंबरासकट लिहून घ्या. निघायच्या दिवशी सकाळी विमान बदललं नाही ना, तेही परत तपासा. ऐनवेळी मोठ्याच्या जागी लहान विमान लागतं. लेबलवरचं तापमान आणि एअरवे बिलावरचं (मालासोबतच्या वाहतुकीच्या कागदावरचं) तापमान एकच आहे का, ते तेव्हाच बघून टाका.